पुराचं घर धुतलं, पुसलं, तरी कुबट वास परत येतो तेव्हा

बडोद्यातल्या कारेलीबाग, समा, फतेगंज, अकोटा या भागांत तळमजल्यावर राहणाऱ्यांची तक्रार ऐकली की ती एकाच साच्यातली वाटते. पाणी ओसरलं, गाळ उपसला, माणसं लावून घर दोनदा धुऊन घेतलं, फिनाईलचा कॅन रिकामा केला. आठवडाभर बरं वाटलं. मग कुठे लग्नाकार्याला जाऊन आले, दार उघडलं आणि तोच भपकारा. दिवाण सरकवला तर मागे भिंतीच्या खालच्या दोनेक फुटांत काळे ठिपके. पुन्हा फिनाईल, पुन्हा ठिपके.

बडोद्यात हा प्रसंग आयुष्यात एकदा येऊन संपणारा नाही. विश्वामित्री पावागडाकडून येते, वर आजव्याचा तलाव भरला की त्याचं पाणी नदीला मिळतं, आणि नदी शहराच्या ऐन मधून वळणं घेत जाते. 31 जुलै 2019 ला एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस झाला. 2024 मध्ये ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात नदीने धोक्याची पातळी ओलांडली आणि कित्येक सोसायट्यांत लोक वरच्या मजल्यावर अडकून बसले. नदी घरात आली नाही तरी गटारं उलटी वाहतात आणि परिणाम तोच होतो.

वास परत येतो तो जंतुनाशक कमी पडल्यामुळे, असं क्वचितच असतं. बहुतेक घरांत कुठेतरी गाळ राहिलेला असतो, नाहीतर भिंत आतून ओली असते. यातलं काही शिल्लक असेल तर वरून कितीही उग्र द्रव ओता, फरक चार दिवसांचा. म्हणून दुकानात जाण्याआधी थोडी शोधाशोध करा.

आधी वास ओळखा

एका खोलीचं दार-खिडक्या रात्रभर बंद ठेवा, पंखाही बंद. सकाळी उघडल्या उघडल्या पहिला श्वास घ्या. नंतर नाक सरावतं आणि काही कळत नाही. घरातल्यांपेक्षा बाहेरून आलेल्या माणसाचं नाक जास्त भरवशाचं, तेव्हा शेजारच्या काकूंना बोलावलंत तर उत्तम.

सडक्या अंड्यासारखा वास असेल तर तो गटाराचा किंवा कुजणाऱ्या गाळाचा. जुन्या पुस्तकांच्या पेटीसारखा कोंदट वास असेल तर बुरशी. दोन्ही एकत्र असले तर आधी गटाराचा बंदोबस्त करा, कारण तो तासाभरात होतो.

त्यासाठी सोपी परीक्षा आहे. प्लास्टिकच्या जाड पिशवीत अर्धं पाणी भरून गाठ मारा आणि ती पिशवी न्हाणीतल्या जाळीवर, मागच्या चोकडीतल्या (धुणं-भांड्यांच्या जागेतल्या) जाळीवर, स्वयंपाकघराच्या मोरीवर अशी रात्री ठेवून द्या. पिशवी आकार बदलून भोक घट्ट बसवते. सकाळी वास गायब असेल तर चोर सापडला. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे वाटीसारख्या खोलगट भागात, साधारण दोन इंच पाणी उभं असतं आणि तेच गटाराची हवा अडवतं. पुरानंतर त्या वाटीत पाण्याऐवजी गाळ बसलेला असतो. तो हाताने, म्हणजे हातमोजा घालून, खरवडून काढावा लागतो. वरून अ‍ॅसिड ओतून निघत नाही. पाहुण्यांच्या खोलीतला बाथरूम वापरात नसेल तर तिथलं पाणी वाळून जातं, आठवड्याला तांब्याभर पाणी ओतत राहा.

गाळ कुठे लपतो

फरशी चकचकीत असते आणि वास येतच राहतो, तेव्हा मी सगळ्यात आधी स्वयंपाकघराच्या ओट्याखालची पट्टी काढायला सांगतो. मॉड्युलर किचनच्या ट्रॉल्यांखाली पायाशी जी लांब फळी असते ती नुसत्या क्लिपांवर बसवलेली असते, दोन्ही हातांनी ओढली की निघते. आत बहुधा गाळाचा थर तसाच असतो, त्यात डाळीचे दाणे आणि मेलेली झुरळंही. पार्टिकल बोर्डाचे खण खालून फुगले असतील तर ते वाचणार नाहीत. फुगलेला बोर्ड कधीच पूर्ववत होत नाही आणि आत बुरशी धरून ठेवतो.

त्यानंतर पाहायच्या जागा: सरकत्या खिडक्यांच्या पट्ट्या, लाकडी चौकटीचा जमिनीत गेलेला भाग, बॉक्सच्या पलंगाचा तळ, लोखंडी कपाटाखालची पोकळी, फ्रिजच्या मागे खाली असलेली पाण्याची ताटली, वॉशिंग मशिनचा तळ, देव्हाऱ्याखालचा कट्टा पोकळ असेल तर तोही. दिवाळीपर्यंत कोणी हलवत नाही अशी प्रत्येक वस्तू हलवायची. पाणी नुकतंच ओसरलं असेल तर पलंगाखाली हात घालण्याआधी बॅटरी मारून बघा. आपल्या शहरात पुरानंतर साप तर निघतातच, अंगणात मगरीचं पिल्लू निघालं तरी कुणाला फार नवल वाटत नाही. अशा वेळी शूरपणा न करता वनविभागाला कळवायचं.

फुटा-दीड फुटावरचे प्लगचे बोर्ड आतून गाळाने भरलेले असतात आणि भिंतीतल्या पाइपांत पाणी उभं राहतं. हे काम इलेक्ट्रिशियनचं. मेन स्विच बंद करून, बोर्ड उघडून, वाळवून मगच वीज चालू करायची. तोवर त्या खोलीत एक्स्टेन्शन ओढून पंखे लावू नका.

जंतुनाशक काम का करत नाही

तीन कारणं मी पुन्हा पुन्हा पाहतो: क्रम चुकतो, प्रमाण अंदाजाने घेतलं जातं आणि वेळ दिला जात नाही.

क्रम असा: गाळ खरवडणे, साबणाच्या पाण्याने घासणे, साध्या पाण्याने धुणे, मग जंतुनाशक. गाळात कुजलेली घाण असते आणि ती क्लोरीन खाऊन टाकते. चिखलावर ब्लीचिंग पावडर भुरभुरणं ही आपल्याकडची आवडती रीत, रस्त्यावर पांढरी रांगोळी काढल्यासारखी. बघायला समाधान वाटतं. घरातल्या फरशीवर तिचा उपयोग जवळजवळ शून्य.

साबण धुऊन काढणंही तितकंच गरजेचं. लिंबाच्या वा फुलांच्या वासाचं जे रंगीत फ्लोअर क्लीनर मिळतं त्यात बहुधा बेंझाल्कोनियम क्लोराईड असतं, बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. कपड्याच्या पावडरीतले घटक आणि हे रसायन एकमेकांना धरून बसतात आणि दोन्ही निकामी होतात. एकाच बादलीत दोन्ही टाकून ‘डबल पॉवर’ करणारी घरं पुष्कळ आहेत.

फिनाईलबद्दल थोडं कडू बोलतो. सायकलवर कॅन बांधून सोसायटीत येणारं सुट्टं पांढरं फिनाईल म्हणजे मुख्यतः वास आणि दुधाळ रंग. त्यात जंतुनाशक किती हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. बंद बाटली घ्यायची तर लेबलावर आर.डब्ल्यू.सी. असा आकडा शोधा. शुद्ध फिनॉलच्या तुलनेत ते द्रव जंतू मारण्यात किती प्रभावी आहे हे तो सांगतो, आकडा मोठा तेवढी ताकद जास्त. काळं फिनाईल मागच्या चोकडीत आणि गटारापाशी ठीक, स्वयंपाकघरात नको. घरात मांजर असेल तर अजिबात नको, मांजराच्या शरीराला फिनॉल पचत नाही.

पुराच्या पाण्यानंतर मी क्लोरीनच वापरतो. स्वस्त आहे, सर्वत्र मिळतं, नीट वापरलं तर भरवशाचं आहे. प्रमाण मात्र मोजायचं. फरशी, टाइल्स, ओटा, संडास यांसाठी 0.1 टक्का द्रावण पुरतं. पातळ ब्लीचच्या बाटलीवर 5 टक्के लिहिलेलं असेल तर एका लिटर पाण्यात 20 मिलिलिटर, म्हणजे 10 लिटरच्या बादलीला 200 मिलिलिटर. ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर तिच्यात साधारण 30 टक्के क्लोरीन असतो, तेव्हा त्याच बादलीला सुमारे 35 ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्लास्टिकच्या वाटीत मोजा. उघड्या पिशवीतली, हवा लागून गोळे झालेली पावडर नावापुरतीच उरलेली असते. तिच्यातला क्लोरीन केव्हाच उडून गेलेला असतो.

पाणी थंड घ्या, गरम पाण्यात क्लोरीन लवकर निघून जातो. बादली प्लास्टिकची. पावडर ढवळून थोडा वेळ निवळू द्या, खाली चुना बसेल, वरची निवळी वापरा. रोजचं द्रावण रोज करा. आणि जिथे लावाल ती जागा दहा मिनिटं ओली राहिली पाहिजे. लगेच मागून कोरडा पोता फिरवला तर जंतूंना नुसती अंघोळ घातल्यासारखं होतं. दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून घ्या, विशेषतः नळ, कडी-कोयंडे, स्टीलचं सिंक, कारण क्लोरीन धातू खातो.

आता एक गोष्ट मोठ्याने सांगायची आहे. ब्लीच आणि संडासाचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, एकामागोमाग एकही नाही. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो, आणि आपले बाथरूम किती लहान असतात ते तुम्हाला माहीत आहे. संडासाच्या निळ्या बाटलीतसुद्धा अ‍ॅसिडच असतं. अमोनिया असलेला काच पुसायचा द्रवही ब्लीचबरोबर चालत नाही. काम करताना खिडकी उघडी, हातमोजे घातलेले, आणि घर पुसायला मावशी येत असतील तर त्यांनाही हे नीट समजावून सांगा. बाटल्या त्यांच्या हातात असतात.

कोटा किंवा संगमरवरावर अ‍ॅसिड ओतून डाग काढायचा मोह आवरा. दोन्ही चुन्याचे दगड आहेत. अ‍ॅसिड पडलं की फेस येतो, पॉलिश जातं, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि मग घाण आणखी धरते.

भिंत: खरं दुखणं इथे असतं

गाळ गेला, ट्रॅप साफ झाले, फरशी नीट धुतली, तरी कोंदट वास आहे. मग भिंतीकडे वळा. विटेची भिंत पाणी पिते आणि ते सोडायला महिने घेते. पाणी दोन फूट चढलं असेल तर ओल त्याच्याही वर सरकते.

आधी ठरवा की भिंतीवर दिसतंय ती बुरशी आहे की लोणा. पांढरी, पिठासारखी, बोटाला खरखरीत लागणारी आणि पाण्याचा थेंब टाकला की विरघळून जाणारी पूड म्हणजे लोणा, विटांतले क्षार. तो आजार पसरवत नाही, फक्त सांगतो की आतून पाणी बाहेर येतंय. तो कोरड्या ब्रशने झटकायचा. ओल्या फडक्याने पुसलात तर क्षार पुन्हा आत जातात. काळे, हिरवट किंवा मखमली ठिपके म्हणजे बुरशी. ओल्या जागी ती 24 ते 48 तासांत धरायला लागते, म्हणजे पुराच्या बाबतीत पाणी ओसरेपर्यंतच तिची सुरुवात झालेली असते.

ठिपक्यांवर ब्लीच मारलं की ते दिसेनासे होतात आणि आपण खूश होतो. टाइलवर, काचेवर, ऑइल पेंटवर हे ठीक आहे, कारण तिथे बुरशी वरच असते. पुट्टी आणि प्लॅस्टरचं तसं नाही. क्लोरीन वरच्या थरातच संपतो, त्याच्याबरोबरचं पाणी मात्र आत मुरतं, आणि मुळं पुन्हा प्यायला लागतात. ठिपक्यांचा फक्त रंग उडालेला असतो. परत परत येण्याचं हे सगळ्यात मोठं कारण.

करायचं ते असं. एन-95 मास्क घाला, खोलीतलं सामान हलवा, आतलं दार बंद करून बाहेरची खिडकी उघडा. ठिपके कोरडे घासू नका, बीजकण घरभर उडतात. आधी साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारा. मग काळ्या रेषेच्या वर फूटभरापर्यंत पुट्टी आणि फुगलेला रंग पत्र्याने खरवडून काढा, भुगा पिशवीत बांधून बाहेर टाका. मेलेली बुरशीही दम्याच्या माणसाला त्रास देते, म्हणून तिला मारण्यापेक्षा काढणं महत्त्वाचं. उघडं प्लॅस्टर साबणाने घासून, पुसून, तसंच सोडा. भिंत कुरूप दिसेल. दिसू दे.

याच ठिकाणी बडोद्याच्या मराठी घरांची कुचंबणा होते. 2024 मध्ये पाणी ऑगस्टच्या अखेरीस आलं आणि 7 सप्टेंबरला गणपती. गणपती बसणार त्या खोलीत खरवडलेली भिंत कोणाला चालेल? मग रंगारी बोलावला जातो, ओल्या भिंतीवर पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट चढतो, मखर छान दिसतं, आणि दिवाळीच्या आसपास तोच रंग पापडासारखा सुटतो. आत कोंडलेल्या ओलीला बाहेर यायला तेवढीच वाट असते. पीव्हीसीची पॅनेलं आणि कमरेपर्यंतच्या टाइल्स लावून ओल झाकणं त्याहून वाईट, कारण मग बुरशी दिसतही नाही. मखरामागे स्वच्छ धुतलेली चादर किंवा साडी भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवून बांधा, आरास होते आणि भिंतीला वाराही लागतो. रंगाला खरा मुहूर्त पावसाळा सरून ऊन तापल्यावर.

भिंत वाळली की नाही हे हात लावून कळत नाही. हातभर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि एक दिवस-रात्र ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसलं तर भिंत अजून ओली आहे. बाहेरच्या बाजूला दिसलं तर खोलीच्या हवेतच दमटपणा जास्त आहे. आतली बाजू कोरडी येईपर्यंत पुट्टी नाही.

वाळवायचं कसं, तर सामान भिंतीपासून वीतभर पुढे आणि पंखा भिंतीच्या पायथ्याशी तिरपा. बाहेर पाऊस असताना खिडक्या उघड्या टाकून फारसा फायदा नाही, बाहेरची हवाच ओलीचिंब असते. एसी असेल तर तेव्हा दार बंद करून ड्राय मोडवर चालवा. ऊन पडलं की समोरासमोरच्या खिडक्या उघडा. आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर स्वस्तात मिळतो, तो 60 टक्क्यांच्या खाली राहिला की बुरशीचा जोर ओसरतो. धूप, ऊद, कापूर, डांबराच्या गोळ्या यांनी फक्त वासावर वास चढतो.

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांत चुन्यात बांधलेल्या जाड भिंती अजून आहेत. ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी प्लॅस्टिक पेंटच्या नादी न लागता चुन्याची सफेदीच करावी. चुना अतिशय क्षारधर्मी असतो, त्यावर बुरशी सहज धरत नाही, आणि भिंतीला आतली ओल बाहेर टाकता येते. आधी लावलेला प्लॅस्टिक पेंट मात्र पूर्ण खरवडावा लागतो, त्यावर चुना बसत नाही.

काय ठेवायचं, काय टाकायचं

कापसाच्या गाद्या, उशा, फोमचा सोफा पुराच्या पाण्यात बुडाले असतील तर टाका. पिंजाऱ्याकडून कापूस परत पिंजून घेऊ असं मनात येतं, पण त्या पाण्यात गटार मिसळलेलं होतं. सागवानी फर्निचर वाचतं: धुऊन सावलीत हळूहळू वाळवा, कडक उन्हात तडकतं. प्लायवूड आणि एमडीएफचे पापुद्रे सुटले की संपलं. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात. स्टील, पितळ, काच घासून उकळत्या पाण्यातून काढा. लाकडी पोळपाट-लाटणं आणि भेगा पडलेले प्लास्टिकचे डबे गेले समजा. लोणच्याची बरणी झाकणासकट पाण्याखाली गेली असेल तर तीही, आजीच्या हातचं असलं तरी. फिरकीच्या झाकणातून पाणी आत जातं आणि वरचा तेलाचा थर त्याला अडवत नाही.

पाण्याची टाकी

जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं असेल तर वास आंघोळीच्या पाण्यातूनही येतो. टाकी पूर्ण उपसून, गाळ काढून, भिंती घासून घ्या. आत एकट्याने उतरू नका, बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो. वर एक माणूस हवाच, आणि झाकण बराच वेळ आधी उघडून ठेवा. मग टाकी भरून दर 1000 लिटरला सुमारे 165 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून तिची निवळी ओता, सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडून बंद करा, आणि 24 तास तसंच ठेवा. त्यानंतर ते पाणी पूर्ण काढून टाका. हे पाणी आर.ओ. मशिनमध्ये जाऊ देऊ नका, क्लोरीनने त्याचा पडदा खराब होतो. तोवर प्यायला उकळलेलं पाणी.

गाळ उपसताना गमबूट घाला. उंदरांच्या मूत्रातून पुराच्या पाण्यात येणारे लेप्टोस्पायराचे जंतू पायाच्या भेगांतून शिरतात. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचं आपणहून सांगा. लोखंडाने कापलं असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं त्याच दिवशी विचारा.

डिसेंबरातही ओलीच असेल तर

थंडीत बडोद्याची हवा कोरडी असते. तेव्हाही प्लास्टिकच्या आत दव येत असेल, किंवा काळा पट्टा पायथ्याशी न राहता मधूनच कुठेतरी उगवत असेल, तर पुराला दोष देऊ नका. भिंतीतला पाइप गळतोय, नाहीतर पलीकडे शेजाऱ्यांचं न्हाणीघर आहे. रात्री सगळे नळ बंद करा, गच्चीवरच्या टाकीत पाण्याच्या पातळीवर खडूची खूण करा आणि सकाळी पाहा. पातळी उतरली असेल तर आधी संडासाच्या फ्लशची टाकी बघा. तिच्यात हळद कालवून ठेवा, फ्लश न करता भांड्यात पिवळं पाणी उतरलं तर गळती तिथेच आहे आणि दुरुस्ती रबराच्या एका वॉशरची. तसं नसेल तर रंगाऱ्याच्या आधी प्लंबरला बोलवा. पातळी उतरलीच नसेल तर शेजाऱ्यांना हीच परीक्षा त्यांच्या टाकीवर करायला सांगा, आणि त्यांच्या न्हाणीघराच्या टाइल्सच्या फटींत पांढरं सिमेंट शिल्लक आहे का तेही बघून घ्या.